बारा खाटा आणि एकोणीस माहेरं

तानुबाई माळणीने अकोल्याच्या शाळेसाठी आपली वांग्यांची वाडी दिली, त्या साली दुसऱ्या कोणी हातभर जमीन दिली नसती. अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि ही बातमी वऱ्हाडाला कापसाच्या भावावरून कळली होती. लोकांनी गुरांची कुरणं नांगरली, बांध नांगरले. एकाने सासऱ्याच्या समाधीभोवती सरकी लावली आणि सासरा असता तर त्यानेही हेच केलं असतं असं सांगितलं. ते खरंही असावं. अशा दिवसांत मोर्णेकाठची, विहिरीच्या पाण्याखालची काळी जमीन शाळेला द्यायची म्हणजे वेड लागल्याचं लक्षण. पण तानुबाईला वेड लागलेलं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून गावाने तिला हट्टी ठरवलं.

तानुबाईचं वय तेव्हा पन्नासच्या आसपास. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा भगवंत आणि सून मळा बघत, आणि तानुबाई रोज सकाळी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन अर्ध्या अकोल्याच्या ओसऱ्या पालथ्या घाली. तिला अक्षर येत नव्हतं. पण तिचं माहेर रिद्धपूरजवळचं. तिथल्या मठांत पोथ्या होत्या, त्या वाचणारी माणसं होती, बायाही होत्या. वाचता न येणं आणि वाचणं म्हणजे काय हे माहीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तानुबाईला वाचता येत नव्हतं, पण वाचणं म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं.

जागा मागायला आलेल्या कारकुनाला तिने एवढंच विचारलं, "काहाले पायजे?"

"बाहेरगावच्या मुलांना राहायला. बारा खाटांचं घर बांधायचंय."

"मंग घ्या. पन ल्या बापा कागदावर. पोट्टे राहतीन तं जागा तुमची. पोट्टे नाई राहले तं माही वांगी मले वापस."

कारकुनाने लिहून घेतलं. तानुबाईने अंगठा उठवला. कागदावर प्रत्यक्षात काय लिहिलं होतं, ते आपल्याला आणि तिला यथाकाल कळेलच.

आता बाहेरगावची मुलं हा काय प्रकार होता, ते सांगायला हवं. पहिली तीन वर्षं या शाळेत घाटावरच्या कारकुनांचीच मुलं होती. नवा अंमल आला तसे कारकून आले, कारकुनांमागून त्यांची मुलं आली, आणि मुलांमागून त्यांना शिकवायला साताऱ्याकडचे पंतोजी आले. वऱ्हाडातल्या शाळेत वऱ्हाडचं काय होतं, तर धूळ. पुढे कापूस तेजीत आला. शाळा कापसाच्या बाजारासमोर होती. गाडी रिकामी होईपर्यंत पोराला उन्हात बसवण्यापेक्षा शाळेत बसवावं, असा विचार करून अकोल्यातल्याच काही कुणब्या-माळ्यांनी आपली मुलं आत सोडली. त्यांतल्या काहींना तिथं आवडलं आणि गाडी नसतानाही ती येऊ लागली. बापांना हे कळायला एक हंगाम लागला. अशी सव्वीस मुलं झाली.

त्याच साली अमरावतीहून नवा पट आला. त्यात 'जन्मगाव' हा रकाना जास्त होता. पंतोजी नेकीचे गृहस्थ. त्यांनी प्रत्येकाच्या घरी विचारून जन्मगाव लिहिलं, आणि प्रत्येकाने खरं सांगितलं. पण आपल्याकडे बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, आणि माहेर धड असलं तर दुसऱ्यालाही जाते. त्यामुळे अकोल्यात घर, अकोल्यात शेत आणि अकोल्यातच दिवसभर उनाडक्या असलेली ही सव्वीस मुलं पटावर हिवरखेड, आकोट, पातूर, बाळापूर, कारंजा अशा एकोणीस गावांची झाली. कारकुनांची मुलं वाई आणि चिपळूणची झाली. वाईचा मुलगा रोज सकाळी अकोल्याच्या शाळेत वेळेवर हजर असतो, याचंही अमरावतीत कोणाला नवल वाटलं नाही. कचेरीत बसून पाहिलं की अंतरं कमी दिसतात.

पट वाचून शाळातपासणीच्या साहेबांनी हुकूम काढला, की ज्या शाळेत एकोणीस गावांतून विद्यार्थी येतात तिथं त्यांच्या राहण्याची सोय नसणं योग्य नाही. पंतोजींना चूक लगेच कळली. त्यांनी खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं. पण आपल्या लिहिण्यात चूक आहे म्हणावं तर ते खोटं, आणि साहेबांच्या वाचण्यात चूक आहे म्हणावं तर ते खरं, या पेचात पत्र अडकलं, आणि तेवढ्यात विटा येऊन पडल्या.

दसऱ्याला घर उभं राहिलं. पक्क्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे लांब ओसरी, आत बारा खाटा. झाडलोट आणि पाणी भरणं तानुबाईकडे. ती रोज बाराही खाटांखालून झाडू फिरवी आणि रोज बाराही खाटा रिकाम्या असत. कार्तिक असाच गेला.

मग मुंबईच्या एका पेढीचा दलाल आला. त्या दिवसांत अकोल्यात छप्पर मिळणं सोन्याहून कठीण झालं होतं. कापूस गुरांच्या गोठ्यात होता, धर्मशाळेत होता. दलालाने ओसरी पावलांनी मोजली, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "मावशी, मकान तो अच्छा है. खाली पडलंय."

"खाली नाई. वाट पाहून राह्यलं."

"कोणाची?"

"तुही नाई."

दलाल हसला. त्याने तहसिलीत अर्ज दिला. पंतोजींना त्याची खबर लागली, तसे ते खाली मान घालून मळ्यात आले आणि सगळं सांगून मोकळे झाले. पटाची गोष्ट सांगितली, हुकुमाची सांगितली. आणि तानुबाईच्या कागदावर कारकुनाने काय लिहून ठेवलंय, तेही सांगितलं: विद्यार्थी न राहिल्यास इमारतीचं काय करायचं ते सरकार ठरवील. वांग्यांचा उल्लेख नव्हता.

"पौषात साहेब येणार," पंतोजी म्हणाले. "खाटा रिकाम्या दिसल्या की घर कापसाला जाईल. माझं काय व्हायचं ते होईल. तुझी वाडी मात्र गेली, तानुबाई."

तानुबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने बांधून संपवल्या. मग म्हणाली, "तुमचा तो पट आना बरं. अन् वाचा."

"वाचून काय होणार?"

"वाचा तं खरं."

पंतोजींनी पट आणला आणि वाचू लागले. "हिवरखेड. किसन महादेव."

"पार्वताबाईचं माहेर. तिचा भाऊ सूर्यभान. त्याले तीन पोट्टे, मधला हुशार हाय म्हनते. म्होरं."

"पातूर."

"दुर्गाबाईचं. बापाची बागाईत हाय. भाऊ दोन. लहान्याची बायको कजाग."

"कारंजा."

"मैनाबाई. माहेराचं नाव काढलं का डोये पुसते अन् वांगे फुकट मांगते."

गाव वाचायचं आणि तानुबाईने त्या गावचं घर सांगायचं, असं सगळा पट संपेपर्यंत चाललं. त्यात नवल नव्हतं. सासरी माहेराबद्दल बोललेलं कोणाला खपत नाही. भाजीवाली मात्र ऐकते, कारण तिला टोपली उतरवून बसायचंच असतं. वीस वर्षांत तानुबाईने सगळं वऱ्हाड असं ओसरीत बसून पालथं घातलं होतं. पंतोजींनी पट मिटला. आपण मुलांची गावं लिहिली असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आयांची लिहिली होती.

"गावं खरी हायत," तानुबाई म्हणाली. "पोट्टे तेवढे चुकले. बरोबरचे आनू."

तिला कुठे जावं लागलं नाही. त्या एकोणीसही गावांच्या कापसाच्या गाड्या रोज अकोल्याला येत होत्या. ती फक्त ओसऱ्या फिरली. पार्वताबाईला म्हणाली, "तुह्या भावाच्या पोट्ट्याले शाळंत धाड म्हना. तुहा किसना इंग्रजी बोलन अन् मामाचा पोट्टा बैलं हाकन, बरं दिसन का?" दुर्गाबाईला म्हणाली, "पार्वताबाईचा भाचा येऊन राह्यला म्हने. पातूरचं काही कानावर नाई." कोणाला काय म्हणायचं हे तिला माहीत होतं. बायांनी गाडीवानांबरोबर निरोप धाडले. ऐन वेचणीचे दिवस, घरात प्रत्येक हात हवा. तरी बहिणीचा निरोप म्हटल्यावर भावांनी पोरं गाडीवर चढवली. कापसाच्या गाठोड्यांवर बसून चौदा मुलं अकोल्यात उतरली. हिवरखेडचा गोवर्धन पहिला. केसांत, भुवयांत, कानांत कापूस. पंतोजींना क्षणभर वाटलं, म्हाताराच आला.

शाळा भरली. खाटा मात्र रिकाम्याच राहिल्या.

हे तानुबाईच्या आधी लक्षात यायला हवं होतं, आणि आलं नाही, याचं तिला पुढे जन्मभर हसू येई. ज्या मुलाची आत्या गावात आहे, तो परक्या घरी निजायला कसा जाईल? चौदा मुलं गाडीवरून उतरली आणि चौदा आत्यांच्या घरी गेली. तानुबाई पार्वताबाईच्या ओसरीवर बसली.

"गोवर्धनाले तिकडं धाड ना बाई. खाट हाय, विहीर हाय."

पार्वताबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "काहून? मी मेली का?"

"मेली कोन म्हनते?"

"भाऊ म्हनन, सख्खी बहीन गावात अन् पोट्टा सरकारच्या खाटंवर. उद्या माहेरी तोंड दाखवता येईन का मले?"

तानुबाईने टोपली उचलली. साहेब यायला वीस दिवस राहिले होते, आणि दलाल एव्हाना ओसरीचं माप तोंडपाठ म्हणत होता.

मग भाव आणखी चढला. चढत्या भावाचा एक गुण असा, की त्यात कोणी विकत नाही. आज विकला तर उद्याचं नुकसान. पार्वताबाईचे यजमान महादेवराव शहाणे म्हणून ओळखले जात. त्यांनी कापूस बाजारातून परत घरी आणला आणि ओसरी भरली. मग माजघर भरलं. मग देवघर भरलं. देव फडताळात गेले. कापूस घरात म्हणून दिवा लावायचा नाही, चूल अंगणात. अंधार पडला की गोवर्धन आणि किसन भिंतीला पाठ लावून पाढे म्हणत, कारण पुस्तक दिसत नसे. शहाणे लोक अकोल्यात पुष्कळ होते. चौदापैकी चौदा आत्यांच्या घरी हीच तऱ्हा झाली. पातूरच्या मुलाला गव्हाणीत जागा मिळाली, आणि बैलाने त्याचं धोतर खाल्लं.

पाचव्या दिवशी पार्वताबाई मळ्यात आली. मागे गोवर्धन, काखेत वळकटी, खोकत.

"हे पाय तानुबाई," ती म्हणाली, "मी काही याले सरकारच्या घरी धाडून नाई राह्यली."

"नाई."

"घरात कापूस हाय म्हून."

"म्हूनच तं."

"कापूस गेला का मी याले घेऊन जाईन."

"घेऊन जा. मी कोन अडवनारी?"

"अन् भाकर माह्या घरची. दोन्ही टाइम."

"मंग काय, माही खाईन का तो?"

अशा रीतीने अब्रू राखून गोवर्धन पहिल्या खाटेवर निजला. चार दिवसांत बारा खाटा भरल्या आणि दोघांनी खाली सतरंजी टाकली. ज्या कापसाला ते घर हवं होतं, त्याच कापसाने ते मुलांनी भरलं. दलालाला हे कळलं तेव्हा त्याने ओसरी पुन्हा एकदा पावलांनी मोजली. दोष कोणाला द्यावा हे ठरत नसावं.

सोवळ्याओवळ्याचा प्रश्न पंतोजींना झोपू देत नव्हता. तोही आपोआप सुटला. ज्याची त्याची आत्या ज्याची त्याची भाकर धाडू लागली. सकाळी ओसरीवर चौदा फडकी सुटत. पहिले दोन दिवस ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईच्या फडक्यातून पुरणाची पोळी निघाली. ही बातमी भाजीच्या टोपलीबरोबर दुपारपर्यंत गावभर गेली. ती कोणी नेली हे सांगायला नको. त्यानंतर त्या मुलांइतकं चांगलं अकोल्यात कोणी जेवत नव्हतं.

पौषात साहेब आले. साहेब पुण्यात मराठी शिकले होते, म्हणून त्यांना वऱ्हाडी कळत नसे. त्यांच्यामागून दलालही आला आणि ओसरीच्या कडेला अदबीने उभा राहिला. साहेबांनी खाटा मोजल्या, मुलं मोजली, खूष झाले, आणि पट मागितला. पंतोजींच्या कपाळावर पौषात घाम आला.

"तू कोठून आलास?" साहेबांनी गोवर्धनाला विचारलं.

"हिवरखेडहून."

साहेबांनी बोट फिरवलं. "हिवरखेड. किसन महादेव. हाच तो?"

दाराशी तानुबाई झाडू घेऊन उभी होती. ती म्हणाली, "नाई जी. किसना तिथं फकस्त जन्मला. हा असल हिवरखेडचा हाय."

साहेबांनी पंतोजींकडे पाहिलं. पंतोजींनी अर्थ सांगितला, "ती म्हणते, दोघेही हिवरखेडचेच."

"असं नाई म्हनली मी, पंतोजी," तानुबाई म्हणाली. "किसना अकोल्याचा. अकोल्याचाच ल्या. पट चुकला म्हना. पोट्टे तं खरे हायत."

हे साहेबांना पुण्याच्या मराठीतही कळलं. त्यांनी पंतोजींना विचारलं, "हा पट लिहिला तेव्हा बाहेरगावचे विद्यार्थी किती होते?"

"एकही नव्हता," पंतोजी म्हणाले. त्यांनी आयुष्यात दिलेलं हे सर्वांत लहान उत्तर.

"आज?"

"चौदा."

साहेब खाली बसले. घर बांधण्याच्या हुकुमावर सही त्यांचीच होती. साहेबाची सही चुकत नसते. फार तर वस्तुस्थितीला पोचायला उशीर होतो. या खेपेला वस्तुस्थिती तपासणीच्या आधी पोचली होती. तीही कापसाच्या गाडीवर बसून. त्यांनी तिथंच शेरा लिहिला: पट दुरुस्त करावा, इमारत विद्यार्थ्यांकडेच राहावी, दोन खाटा वाढवाव्यात. पंतोजींनी तो वाचून दाखवला. तानुबाईने सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "माह्या कागदावरबी हेच ल्याल का? मी पयलेच सांगतलं होतं." साहेबांनी तिचा कागद मागवला, आणि कारकुनाच्या वाक्यावर रेघ मारून तिचं वाक्य लिहिलं. वांग्यांसकट.

वर्ष फिरलं. अमेरिकेतले भाऊ एक झाले आणि कापसाचा भाव मोटेचा दोर तुटल्यासारखा विहिरीत गेला. दलालाची पेढी उठली. महादेवरावांनी शहाणपणाने साठवलेला कापूस मिळेल त्या भावाने गेला. घरं मोकळी झाली, देव फडताळातून देवघरात आले, आणि आत्या आपल्या भाच्यांना न्यायला आल्या. करार तसाच होता. तानुबाईने कोणाला अडवलं नाही. चौदापैकी नऊ मुलं गेली. गोवर्धन गेला नाही, तो म्हणाला, "आत्या, येतो ना सुट्टीले." पार्वताबाई याची तक्रार सगळ्या गल्लीत सांगत फिरली. गल्लीला ती तक्रार वाटली नाही.

तरी आता नऊ खाटा रिकाम्या होत्या, आणि पुढल्या पौषात साहेब यायचेच होते. तानुबाई पुन्हा बाराच्या जागी चौदा खाटांखालून झाडू फिरवू लागली.

मृग निघून आठ-दहा दिवस झाले असतील. एक तेरा-चौदा वर्षांचा पोर सकाळी सकाळी मळ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला. पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले, हातात पाटी. गाडी नाही, कोणी सोबत नाही.

"शाळंचं घर हेच का?"

"हेच. नाव काय तुहं?"

"खुशाल."

"कोनचा?"

"चिचारीचा. डोंगराकडला."

तानुबाईने आठवून पाहिलं. पार्वताबाई, दुर्गाबाई, मैनाबाई. माळ्यांची घरं, कुणब्यांची घरं. वीस वर्षांच्या सगळ्या ओसऱ्या. चिचारी कोणाचंच माहेर नव्हतं.

"तुही आत्या कोन अठीसा?"

"कोनी नाई."

"मावशी?"

"नाई."

"मंग तुले सांगतलं कोनं, का अठी शाळंचं घर हाय म्हून?"

"गेल्या साली बापासंग कापूस आनला होता. तवा वळखीच्या गाडीवानानं दाखवलं. पोट्टे ओसरीत पुरनपोळी खाऊन राह्यले होते."

तानुबाईने त्याला विहिरीवर नेलं, पाय धुवायला लावले आणि गोवर्धनाशेजारची खाट दाखवली. भाकर धाडायला त्याची आत्या नव्हती, म्हणून त्या दिवशी आणि पुढे चार वर्षं ती तानुबाईच्या चुलीवरून आली, बरोबर वांग्याची भाजी. उरलेल्या मळ्यात वांगी पुष्कळ येत होती.

दुपारी पंतोजींनी दुरुस्त पटावर नाव घातलं. तानुबाई टोपली ओसरीवर ठेवून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"काय लेयलं?"

"खुशाल. चिचारी."

"पुन्हा वाचा."

पंतोजींनी पुन्हा वाचलं. गेल्या साली त्यांनी वाचलेल्या एकोणीसही गावांवर तिला काही ना काही सांगायचं होतं. या गावाबद्दल तिला काहीच सांगता येत नव्हतं. तिने टोपली उचलली आणि भाजी विकायला निघाली. पहिली पार्वताबाईची ओसरी लागत होती, आणि सांगण्यासारखं आज पुष्कळ होतं.